वेगळी दावण

सावेडीतल्या आमच्या घरी मामा आले तेव्हा बैठकीतली मोठी टाकी नेहमीसारखी उजळलेली होती. पंप चालू होता, दगडांवर जांभळट थर चढला होता, काचेवरून गोगलगाई सरकत होत्या, तांबड्या पट्ट्यांची एक कोळंबी मिशा हलवत बसली होती. मासा मात्र एकही नव्हता.

“मासे कुठं गेले गं?”

“पाच मेले, मामा. दोन आतल्या खोलीत टबात आहेत.”

“मग रिकाम्या टाकीला लाईट कशाला जाळती?”

“रिकामी नाही ती. रोग आहे तिच्यात. अंगावर बसायला मासा मिळाला नाही की तो उपाशी मरतो. ७६ दिवस अशीच ठेवायची. आज एकेचाळिसावा.”

मामांनी खुर्ची टाकीसमोर ओढली. नेवासे तालुक्यात, घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराजवळ त्यांचा गोठा आहे. चौदा एच.एफ. गाई, चार कालवडी. माशांतलं आपल्याला काही कळत नाही, असं ते सरळ सांगतात. पण विकत आणलेलं जनावर घरच्या जनावरांत कसं घ्यायचं, हे त्यांना पुरतं ठाऊक आहे. नवा मासा आधी महिनाभर वेगळा ठेवावा की नाही, या प्रश्नावर मी तीन वर्षं एका मताला चिकटून होते. ठेवू नये, हे ते मत. त्या संध्याकाळी मामा दोन तास माझ्याशी भांडले. ते भांडण जसं झालं तसं लिहिते आहे.

“नवीन काय आणलं होतं?” त्यांनी विचारलं.

“पावडर ब्लू टँग. आकाशी अंग, पाठीवर पिवळी पट्टी. मुंबईहून रात्रीच्या गाडीने पार्सल आलं. अडीचशे किलोमीटर पिशवीत बसून आला होता. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगू दिली आणि सोडला.”

“लगेच? घरच्यांत?”

“लगेच.”

मामा काही बोलले नाहीत. मीच पुढचं सांगितलं. पाचव्या दिवशी त्याच्या परांवर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसले. मी खाण्यात लसूण घातला, पाणी बदललं. आठव्या दिवशी ठिपके गेले. मला वाटलं, जिंकले. दुसरा आठवडा उलटल्यावर ते परत आले, आणि या वेळी सगळ्यांच्या अंगावर आले. टँग, तीन डॅमसेल आणि एक पिवळा रास सहा दिवसांत गेले. क्लाउनफिशची जोडी तेवढी राहिली. तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर जाड असतो.

“ठिपके गेले होते ना? मग परत आले कुठून?”

“गेले नव्हते. खाली पडले होते.”

हे मला नंतर नीट समजलं. खरं तर टँग आणण्याआधी समजायला हवं होतं. या परजीवीचं नाव क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स. हे नाव १९५१ साली ठेवलं गेलं. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय उघडलं तेही त्याच वर्षी. शाळेच्या सहलीत खारं पाणी नि त्यातले मासे मी पहिल्यांदा तिथेच काचेआड पाहिले. हा एकपेशीय जीव माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत तीन ते सात दिवस राहतो, पोसतो आणि मग स्वतःच गळून पडतो. मालकाला वाटतं, मासा बरा झाला. गळून पडलेला जीव वाळूत किंवा दगडावर कोष करतो. कोषाच्या आत एकाचे अनेक होतात, दोनशेपर्यंतसुद्धा. तीन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत केव्हाही कोष फुटतो, तोही बहुधा अंधारात, मासे तळाशी निवांत असतात तेव्हा. बाहेर पडलेल्या पिल्लांना दिवस-दीड दिवसात मासा सापडला नाही तर ती मरतात.

“आणि समुद्रात?” मामांनी विचारलं. “तिथं नाही का हा रोग?”

“आहे. पण तिथे पाणी अफाट, मासा पुढे निघून गेलेला असतो. दोनशेतल्या एखाद्याला मासा मिळतो. माझ्या टाकीत ३०० लिटर पाणी. इथे एकही उपाशी राहत नाही.”

“म्हंजे बाजारात एक जनावर आजारी असलं तर बाजार उठून जातो. गोठा कुठं उठून जाणार?”

माझा मुद्दा मांडायच्या आधीच त्यांनी मला निम्मं गाठलं होतं. तरी मी मांडला, कारण तो पोकळ नव्हता.

“मामा, वेगळं ठेवूनही पाहिलंय मी. तीन वर्षांपूर्वी. एक बटरफ्लाय फिश आणला होता. प्लास्टिकचा ४० लिटरचा टब, कोरा स्पंज, तळाला काही नाही, लपायला पाइपाचा तुकडा. अंगावर एक ठिपका नव्हता त्याच्या. सहाव्या दिवशी मेला. रोगाने नाही, मी दिलेल्या जागेने मेला. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. मुरलेल्या टाकीत जिवाणू तो पचवतात. कोऱ्या स्पंजवर ते जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यात समुद्राचं पाणी अल्कधर्मी, सामू आठच्या वर. अशा पाण्यात तोच अमोनिया जास्त विषारी होतो. मोठ्या टाकीत त्याला काही झालं नसतं.”

“हं.”

“आणि आपलं नगर. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, डिसेंबरच्या पहाटे दहाच्या आसपास. ३०० लिटर पाणी हळू तापतं, हळू निवतं. चाळीस लिटर दुपारभरात बदलतं. हवा कोरडी, पाणी उडतं, मीठ मागे राहतं. संध्याकाळपर्यंत खारटपणा वाढलेला. वीज गेली की हवेचा पंप बंद. एवढ्याशा टबात मासा महिना काढणार कसा? दगड नाही, सोबत नाही, अंगावर सतत उजेड. घाबरलेल्या माशाची ताकद आधीच गेलेली असते. त्यापेक्षा चांगल्या पाण्यात, चांगल्या खाण्यावर सोडला तर तो रोगाला तोंड देतो. या रोगातून वाचलेल्या माशाला पुढे काही महिने प्रतिकारशक्ती राहते, हेही खरं आहे.”

“वाचलेल्याच्या अंगावर रोग राहतो का?”

“... थोडा राहू शकतो. कल्ल्यांत. दिसत नाही.”

“मग तो वाचला, पण त्याच्या शेजारच्याचं काय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांनी ते मागितलंही नाही. टाकीकडे बघत ते आपल्या गोठ्याबद्दल बोलू लागले.

“लंपी रोग आला त्या साली, बावीस साली, बाजार बंद केले सरकारनं. घोडेगाव बंद, लोणी बंद, काष्टी बंद. लोक ओरडले. मीबी ओरडलो. त्याच्या आधी पंधरा दिवस मी एक गाय आणली होती. वेगळी बांधली. बांधायची रीतच आहे आमची, एकवीस दिवस, कोणी अठ्ठावीस म्हणतं. पण बांधली कुठं? गोठ्याच्या भिंतीला लागूनच. बादली वेगळी नव्हती. आणि माश्या, डास, गोचीड काय भिंत मानतात? त्यांनीच तर लंपी पसरवला. माझ्या तीन गाई पडल्या. एक गेली. शेळ्यांच्या देवीची लस टोचली होती, म्हणून बाकीच्या राहिल्या.”

“म्हणजे वेगळं ठेवून उपयोग झाला नाहीच ना?”

“वेगळं ठेवलंच नव्हतं मी. लांब बांधली आणि स्वतःची समजूत घातली. आता नवीन जनावराचा मांडव रानातल्या विहिरीपाशी आहे. बादली त्याची, दावं त्याचं. धार सगळ्यात शेवटी त्याची काढायची आणि हातपाय धुतल्याशिवाय गोठ्यात यायचं नाही. दोन्ही वेळा वैरण मी स्वतः नेतो. पहिले चार दिवस जनावर हंबरतं, खात नाही. म्हणून जिथून आणलं तिथली वैरण दोन दिवसांची मागून घेतो. वेगळं बांधायचं म्हंजे टाकून द्यायचं नाही, पोरी. तू त्या फुलपाखराला टाकून दिलं होतं.”

हे लागलं. लागायलाच हवं होतं. खाऱ्या पाण्याच्या टाकीत येणारे बहुतेक मासे आजही समुद्रातून धरून आणलेले असतात. क्लाउनफिशचं तसं नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तामिळनाडूत मंडपमला त्यांची पैदास साधली आहे. टँग मात्र कुठल्या तरी खडकावरून जाळ्यात आला, पिशवीत आला, गाडीच्या डिकीत आला आणि माझ्या बैठकीत मेला. तो विकणाऱ्याकडे कसा ठेवला होता हे मी विचारलंही नव्हतं. विचारायची जबाबदारी माझी होती.

तरी मी सगळं सोडून द्यायला तयार नव्हते. “बरं, तुमच्यासारखा मांडव केला. मग औषध? जाणकार म्हणतात, ठिपका असो-नसो, येईल त्या प्रत्येक माशाला महिनाभर तांब्याच्या पाण्यात ठेवा. तांबं पाण्यात तरंगणाऱ्या पिल्लांना मारतं. अंगात शिरलेल्याला नाही, कोषातल्याला नाही. म्हणून इतके दिवस लागतात. आणि किती द्यायचं? रोग मारणारी मात्रा आणि मासा मारणारी मात्रा यांच्यात फट फार थोडी. साधं तांबं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. कमी झालं तर फुकट, वाढलं तर मासा जातो. रोज मोजायचं. काही मासे तांब्यात खाणंच सोडतात. रोग नसताना हे कशासाठी?”

“आम्ही बाजारातून आणलेल्या जनावराला जंताचं औषध त्याला विचारून देतो का? देतोच.”

“जंताचं औषध आणि तांबं सारखं नाही, मामा.”

“मग रोग दिसल्यावर मोठ्या टाकीत का नाही घातलं तांबं? सगळ्यांना एकदम झालं असतं.”

या प्रश्नाचं उत्तर देताना माझाच मुद्दा माझ्या हातून सुटला. मोठ्या टाकीत तांबं घालताच येत नाही. गोगलगाई, शंखातले खेकडे, ती कोळंबी, सगळी मरतात. चुनखडीचे दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात आणि पुढे केव्हाही सोडतात. मिठाचं प्रमाण उतरवूनही हा रोग मारता येतो, पण तेवढं उतरवलं की माशांखेरीज बाकीचे जीव टिकत नाहीत. (प्रवाळ माझ्याकडे नाहीत. समुद्रातलं जिवंत प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते कुणी विकत देऊ लागलं तरी घेऊ नये.) म्हणजे गोड्या पाण्याच्या टाकीत जसं औषध ओतून निभावता येतं तसं इथे येत नाही. रोग एकदा आत गेला की मार्ग एकच उरतो. सगळे मासे बाहेर काढायचे, त्यांच्यावर वेगळ्या टबात उपचार करायचे आणि टाकी बिनमाशांची ठेवून वाट पाहायची. बहुतेक कोष महिन्याभरात फुटतात. पण प्रयोगात एक कोष ७२ दिवसांनी फुटल्याची नोंद आहे, म्हणून सावधपणे ७६ दिवस मोजतात.

“म्हंजे बघ,” मामा म्हणाले, “एका माशाला महिना वेगळा ठेवायचा कंटाळा केला आणि आता सगळेच अडीच महिने वेगळे. टब लागायचा तो लागलाच. तांबं लागायचं ते लागलंच. वर पाच मेले.”

मग थोडं थांबून त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या आज्याकडून ऐकलेली.

“पलेगच्या काळात घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव उठायचं. सगळी माणसं रानात झोपड्या घालून राहायची, महिना-दोन महिने. गावात दिवा नाही. ओस. मग पाऊसपाणी बघून परत यायचे. आजा म्हणायचा, काही लोक चार दिवसांत कंटाळून परत गेले, घर सोडवंना म्हणून. त्यांच्या घरातले लोक गेले.”

मी टाकीकडे पाहिलं. १८९६ साली प्लेग मुंबईला उतरला आणि तिथून सगळ्या इलाख्यात पसरला. तेव्हा गावं ओस टाकायची ही रीत माणसांना कुठल्या पुस्तकातून कळली नव्हती. माझ्या समोर तेच चाललं होतं. घर तसंच, फक्त दिवा लागलेला, राहणारे रानात. एकेचाळीस दिवस झाले होते आणि गेल्याच आठवड्यात माझ्या मनात आलं होतं की पुरे, आता जोडी परत सोडावी, टबात ती कोपऱ्यात बसून असते. मामांना हे मी सांगितलं नव्हतं.

“नाही सोडणार अजून,” मी म्हणाले.

“सोडू नको.”

टब बघायला ते आतल्या खोलीत आले. या वेळचा टब मी ६० लिटरचा घेतला आहे, तिन्ही बाजूंनी काळा कागद लावून. आरओच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ, तापमान २६ अंश, बॅटरीवर चालणारा एक जास्तीचा हवेचा पंप. अमोनिया रोज मोजते. मामांनी जाळी आणि नळी बघितली, मग मोठ्या टाकीची जाळी कुठे आहे ते विचारलं. मी सांगितलं, स्वयंपाकघराच्या गॅलरीत. ओल्या जाळीच्या चार थेंबांतूनही रोग जातो. समुद्री माशांना होणारा दुसरा एक आजार, मखमली धुळीसारखा दिसणारा ॲमिलूडिनियम, दोन-तीन दिवसांत टाकी साफ करतो, आणि तो हवेच्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांवरून काही फुटांवरच्या दुसऱ्या टाकीतही पोहोचतो. म्हणून टब त्याच खोलीत ठेवून चालत नाही.

“माश्यांसारखंच,” मामा म्हणाले. “भिंतीला लागून बांधायचं नाही.”

तांब्याबद्दल आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. त्यांचं म्हणणं, नव्याला द्यायचंच. माझं म्हणणं, धडधाकट दिसणाऱ्या माशाला विषाच्या काठावर महिनाभर उभं करायचं नाही. मग मी त्यांना दुसरी रीत सांगितली. पांढऱ्या ठिपक्याचा कोष पडल्यापासून तीन दिवसांच्या आत फुटत नाही. म्हणून मासा दर तीन दिवसांनी नव्या, धुऊन कोरड्या केलेल्या टबात हलवायचा. असं चार वेळा, बारा दिवस. अंगावरचे जीव गळून पडत जातात आणि फुटायच्या आत मासा तिथून निघून गेलेला असतो. औषधाचा थेंब लागत नाही. स्पंजही नको, कारण तीन दिवसांत अमोनिया तितका साचत नाही आणि दर वेळी पाणी नवंच असतं.

मामांचा चेहरा उजळला. “हा तर धनगराचा वाडा! आज या वावरात मेंढ्या बसवल्या, दोन रात्रींनी त्या वावरात. लेंड्या मागं, गोचीड मागं, मेंढ्या पुढं.”

पण ही रीत पांढऱ्या ठिपक्यापुरतीच. मखमलीला ती पुरत नाही, कल्ल्यांतल्या चपट्या कृमींना दुसरं औषध लागतं. म्हणून बारा दिवसांनंतरही मासा आणखी तीन-चार आठवडे मुरलेल्या स्पंजच्या टबात नजरेखाली ठेवायचा. खातो का, श्वास जोरात घेतो का, टबाला अंग घासतो का. मामा म्हणाले, हे बघणं औषधापेक्षा मोठं आहे. गाय रवंथ करते की नाही हे बघायला डॉक्टर लागत नाही, माणूस लागतं.

निघताना त्यांनी एक व्यवहाराचा प्रश्न केला. “स्पंजवर ते जिवाणू बसायला सहा आठवडे लागतात म्हणालीस. मग मासा आणल्यावर कधी बसवणार?”

“मासा आणायच्या आधी.”

“मोठ्या टाकीतच टाकून ठेव ना.”

“त्या टाकीत रोग आहे सध्या. ७६ दिवस झाले की मग त्या टाकीच्या फिल्टरमध्ये दोन स्पंज कायमचे राहतील.”

ते गेले त्या रात्री मी वहीत तारखा मांडल्या. ७६ वा दिवस, मग स्पंज आत, मग सहा आठवडे, मग एखाद्या नव्या माशाची चौकशी. पहिल्या दिवसापासून मोजले तर चार महिने होतात. पूर्वी एवढा धीर मला नव्हता. टँग परत आणणार नाही. ३०० लिटरमध्ये त्याला पोहायलाही जागा नव्हती, आणि ही चूक रोगाच्याही आधीची.

नगरात, संगमनेरात, श्रीरामपुरात आता खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसू लागल्या आहेत. समुद्र इथून लांब आहे, माशांचा डॉक्टर त्याहून लांब. तुमच्याकडे टाकी असेल तर आजच तिच्या फिल्टरमध्ये एक जास्तीचा स्पंज टाकून ठेवा, आणि तो सहा आठवडे मुरेपर्यंत नवा मासा घरी आणू नका.